१९८१ वर टायर फाटलं

"गेटाच्या बाजूने सायकल आडवी करून आत घ्यायची, आणि मग संध्याकाळपर्यंत एकही गाडी दिसणार नाही," असं दादा फोनवर म्हणाला तेव्हा मी हो हो केलं पण विश्वास काही बसला नव्हता. तिकडचे लोक ज्याला शांत रस्ता म्हणतात त्यावर पण दर पाच मिनिटांनी कोणीतरी मोटरसायकल पिळत कान बधिर करून जातंच, हे मी आधीच्या दोन ट्रिपमध्ये भोगलंय. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, युरोपात राहून राहून सायकलवेडा झालेला, आणि त्याच्या "थोडासा चढ आहे गं" वर विश्वास ठेवायचा नसतो हे आख्ख्या घराला माहीत आहे. पण गाड्यांच्या बाबतीत मात्र तो खरं बोलला. दिवसभरात वनखात्याची एक जीप दिसली, तीही उभी होती आणि आत माणूस झोपलेला होता.

जागा इटलीच्या सिसिली बेटावरचा एटना, जिवंत ज्वालामुखी. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. दोन दिवस, ग्रॅव्हल बाईक म्हणजे कच्च्या वाटांसाठीची सायकल, पहिला दिवस डोंगराच्या पश्चिम अंगाने वरच्या जंगलातून आणि दुसरा दिवस उत्तरेकडच्या द्राक्षबागांतून. वरच्या वाटेचं नाव पिस्ता आल्तोमोन्ताना. पिस्ता म्हणजे इटालियनमध्ये नुसती वाट, ट्रॅक, त्याचा खायच्या पिस्त्याशी काहीही संबंध नाही, पण गंमत अशी की ही वाट जिथून जाते त्याच्या बरोब्बर खाली ब्रोन्ते गाव आहे आणि ते गाव पिस्त्यासाठीच प्रसिद्ध आहे, लाव्हाच्या खडकात वाढवलेला पिस्ता, पीक एक वर्षाआड काढतात आणि तेही विषम सालीच. म्हणजे पिस्त्यावरून पिस्त्याकडे बघत जायचं. हा विनोद मी पहिल्या दोन तासांत चार वेळा केला आणि पाचव्या वेळी दादा पुढे निघून गेला.

वाट साधारण ३५-४० किलोमीटर, १४०० ते १९०० मीटरच्या मध्ये वरखाली करत डोंगराला अर्धा वळसा घालते. दक्षिणेकडे सेर्रा ला नावेच्या वेधशाळेजवळून आत शिरलो, गालव्हारिना, पालेस्त्रा, स्काव्हो, स्पान्योलो अशी एकेक टेकडी नि तिच्या पायथ्याची दगडी झोपडी घेत संध्याकाळी ईशान्येला ब्रुनेक नावाच्या ठिकाणी डांबरी रस्त्यावर बाहेर पडलो. झोपड्या उघड्याच असतात, कुलूप नाही. आत एक टेबल, बाकडी, चूल, कोपऱ्यात कोणीतरी ठेवून गेलेली लाकडं आणि अर्धी मेणबत्ती. टाकी असते बाहेर, पण तिच्यात पाणी असेलच असं नाही आणि असलं तरी प्यायला जीव होईल असं नाही. पाणी पूर्ण दिवसाचं बरोबर घ्यायला लागतं, ही गोष्ट मला आधी पटेना, एवढा मोठा डोंगर, वर बर्फ पडतो, एवढं जंगल, आणि एक झरा नाही? नाही. सगळा खडक चाळणीसारखा, पाऊस पडला की सरळ आत, ओढा म्हणून नाहीच. मी साडेतीन लिटर घेतलं आणि स्पान्योलोपर्यंत संपवलं.

आता खरी मजा. दादाच्या फोनवर एटनाचा लाव्हाचा नकाशा होता. प्रत्येक प्रवाह वेगळ्या रंगात आणि त्यावर साल. म्हणजे हा १७६३ चा, हा १८४३ चा, असा आख्खा डोंगर रंगीत गोधडीसारखा, ठिगळावर ठिगळ. पहिल्यांदा मला वाटलं की झालं, आता दिवसभर शिकवणी. पण अर्ध्या तासाने माझ्याच लक्षात आलं की नकाशावर रंग बदलला की टायरखालचा आवाजही बदलतोय. अक्षरशः. करर्र करर्र चाललेलं असतं ते एकदम खळखळ होतं, आणि पुढे दोनशे मीटरवर परत मऊ फस्स. गाड्यांचा आवाज नसला की पक्षी ऐकू येतात वगैरे सगळे लिहितात, मला पक्षी फार ऐकू आले नाहीत, मला रस्ता ऐकू आला.

त्याचं कारणही सरळ आहे. या वाटेला बाहेरून खडी आणून टाकलेली दिसत नाही, जो लाव्हा जिथे आहे तोच फोडून सपाट केलाय. त्यामुळे लाव्हा जितका जुना तितका रस्ता बसलेला. नवा लाव्हा म्हणजे काळा, कडक, भोकाभोकांचा, धारदार, प्रत्येक खडा वजनाला हलका आणि कडेला सुरीसारखा, मध्ये माती अशी नाहीच जी या खड्यांना धरून ठेवेल, त्यामुळे चाक त्यावर नाचतं. काही दशकं गेली की त्यावर पांढरट करड्या दगडफुलासारखं काहीतरी चढलेलं असतं, स्टेरिओकॉलोन नावाचं, लाव्हावर सगळ्यात आधी येणारं हेच, आणि लांबून बघितलं तर काळ्या दगडावर कोणी राख शिंपडल्यासारखं दिसतं. मग त्यातून गवत, झुडपं, मग पाइन. चारशे वर्षांचा झाला की खाली चक्क मुरूम. आपला चांगला दाबलेला, पावसाने बसलेला मुरूम असतो ना तस्सा, वर पाइनच्या सुयांची गादी, आणि सायकल आपोआप धावायला लागते.

हे अर्थात सरसकट नाही. पण खेळ खेळायला पुरेसं आहे. तर खेळ असा: नकाशा दादाच्या हँडलला, मी पुढे, रंग बदलला की तो ओरडणार "बोल!" आणि मी टायरवरून शतक सांगायचं. हरणाऱ्याने रात्री दोन्ही चेन पुसायच्या. पहिले तीन मी सपशेल हरले. चौथ्याला बरोबर आलं, आणि ते अंदाजपंचे नव्हतं, खरंच कळलं होतं, खाली घट्ट आणि वर किरकोळ सैल, म्हणून मी "अठरावं" म्हटलं. दादा गप्प. त्यानंतर तो मुद्दाम उशिरा ओरडायला लागला.

मध्येच एक गोष्ट दिसते ती मला फार आवडली. काळ्याभोर पसाऱ्यात एकदम हिरवं बेट, जुनी मोठी झाडं, आतली जमीन वेगळी, पाखरं असतील तर तिथेच. लाव्हा वाहत येताना एखाद्या उंचवट्याला बगल देऊन दोन्ही अंगांनी गेला की मधला तुकडा वाचतो. त्याला तिकडे दागाला म्हणतात. आणि लाव्हाच्या उजाड पसाऱ्याला शारा. बारीक काळ्या खड्यांना, वाटाण्याएवढ्या, रिपिड्डू. सिसिलीच्या बोलीतले शब्द आहेत, नीट इटालियन नाही. आपल्याकडे जशी मुरूम, खडी, गोटा, चिपळ, फुफाटा अशी पायाखालच्या प्रत्येक गोष्टीला वेगळी नावं आहेत तशीच. डोंगराला तर ते लोक नुसतं "मुंतान्या" म्हणतात, म्हणजे डोंगर, आणि तो त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगी, ती. ती आज धूर सोडतेय, ती रात्री ओरडली, असं. जुनं नाव मोंजिबेल्लो, त्यातला मोन्ते म्हणजे लॅटिनवरून आलेला डोंगर आणि जिबेल म्हणजे अरबी जबल, तोही डोंगरच. डोंगर-डोंगर. मला हसू आलं पण मग आठवलं की आपण सह्याद्री पर्वत म्हणतो तेव्हा अद्रीचा अर्थ तरी दुसरा काय आहे.

उंची विचाराल तर साल पण विचारा. ऑगस्ट २०२१ मध्ये मोजली तेव्हा ३३५७ मीटर आणि आग्नेय विवर सगळ्यात उंच, २०२४ च्या उन्हाळ्यात मधलं विवर पेटलं आणि ते ३४०३ वर गेलं. २०२१ मध्ये तर फेब्रुवारी ते ऑक्टोबर पन्नासहून जास्त वेळा लाव्हाची कारंजी उडाली. राख पडली की खालच्या गावांत सायकल धरून सगळ्या दुचाकींना बंदी घालतात, काळी रेती रस्त्यावर पसरली की बॉल बेअरिंगवर चालवल्यासारखं होतं, चारचाकीला ३० चा वेग. हे मला तिथल्या एकाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं बरोबरच आहे, पण त्याचं म्हणणं होतं की त्याच दिवसात सायकल चालवायची खरी मजा, कारण गाड्या बाहेर पडत नाहीत. पोलीस? त्याने खांदे उडवले. असो.

राखेने माझ्या खेळाचाही घोळ केला. वारा इथे बहुतेक वेळा पश्चिमेकडून, त्यामुळे राख पडते ती पूर्वेकडे, आणि म्हणूनच पश्चिमेची वाट त्यामानाने स्वच्छ राहते. जसजसं वळसा घालून उत्तर आणि ईशान्येला येतो तसतशी खोलगट जागी काळी रेती साचलेली, आणि तिच्या खाली १६१४ असो की १८०९, वर सगळं सारखंच, चाक रुततं. तिथे मी धडाधड "विसावं, विसावं" म्हणत गेले आणि सगळी चुकली.

आता टायर.

भाड्याची सायकल. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला होता, पण मी मेलमध्ये तीनदा लिहिलं होतं की ४५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर पाहिजे आणि हातात आली ती ३८ वाली, वर "सगळे हीच घेऊन जातात." घेऊन जात असतील, परत कशी आणतात ते विचारायला हवं होतं. ट्यूबलेस होतं एवढं बरं. हवा मी कमी ठेवली होती, रेतीत रुतू नये म्हणून, पण अरुंद टायरात हवा कमी म्हणजे रिम दगडावर आपटणार, आणि जास्त म्हणजे माकडासारख्या उड्या, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. दादाचे ५० चे टायर, त्याचं आपलं गाणं गुणगुणत चाललेलं.

मोन्ते स्पान्योलोचं बीचचं जंगल फार सुंदर, पानं तांबूस व्हायला लागलेली, युरोपातला बीच वृक्ष दक्षिणेकडे जिथवर येतो त्याचं शेवटचं टोक म्हणजे एटना, आणि खाली अशी मऊ जमीन की मी म्हटलं आता हा पाचशे वर्षांचा तरी असणार. आणि त्या जंगलातून बाहेर पडले आणि समोर नुसतं काळं. झाडं एखाद्या भिंतीपाशी थांबावीत तशी थांबलेली आणि पलीकडे दगडांचा समुद्र, दगड म्हणजे चपटे नाही, उभे आडवे तिरके, नांगरलेल्या ढेकळांसारखे, पण ढेकूळ माणसाएवढं. वाट त्यातून कापून काढलेली. दादा मागून "बोल" म्हणायच्या आधीच मी म्हणणार होते विसावं, तेवढ्यात मागच्या चाकाने फुर्रर्र केलं आणि टायरातलं भोकं बुजवणारं पांढरं सीलंट माझ्या पोटरीवर, बॅगेवर, सगळीकडे. थांबेपर्यंत रिमवर.

बाजूच्या भिंतीला काप. तळाला भोक पडलं असतं तर प्लग घालून झालं असतं, पण हा साइडवॉलला, आणि तो पण आडवा, दीड सेंटिमीटर, ब्लेडने मारल्यासारखा स्वच्छ. प्लग घातला, निघाला. दुसरा घातला, दोन मिनिटं टिकला. मग ट्यूब घालायची ठरली, पण नुसती ट्यूब घातली तर ती त्या कापातून फुगा होऊन बाहेर येणार आणि फुटणार, म्हणून आतून ठिगळ पाहिजे. दादा म्हणाला पाच युरोची नोट लाव, सगळे लावतात. मी म्हटलं तुझी लाव. शेवटी माझ्या बॅगेत चिक्कीचं पाकीट होतं, ते जाड, आतून चंदेरी, तेलकट कागदाचं, ते चार पदरी दुमडून आतून बसवलं, ट्यूब थोडी फुगवून त्यावर टेकवली, मग टायर चढवलं. सीलंटने बरबटलेले हात, त्यावर काळी भुकटी, आणि त्या भुकटीत बहुतेक काचच असावी कारण बोटांना बारीक बारीक चरे पडत होते. (ब्रेक पॅडची पण तीच भुकटी वाट लावते. संध्याकाळपर्यंत माझे मागचे पॅड ओरडायला लागले होते.)

चिक्की आम्ही तिथेच बसून खाल्ली कारण पाकीटच गेलं होतं.

तेव्हा दादाने नकाशा दाखवला. १९८१. म्हणजे माझ्यापेक्षा थोडाच मोठा हा दगड. १७ मार्च १९८१ ला उत्तरेच्या बाजूला डोंगराला चीर पडली, वर अडीच हजार मीटरपासून खाली अकराशे-बाराशे मीटरपर्यंत, आणि लाव्हा असा पळत सुटला की एका दिवसात त्याने रस्ता कापला, रेल्वेच्या दोन लाइनी कापल्या आणि खालच्या आल्कान्तारा नदीपर्यंत पोचला. रांदात्सो गाव थोडक्यात वाचलं. आठवडाभरात सगळं संपलं पण. चाळीस वर्षं उलटून गेली आणि त्यावर काय तर ते करडं दगडफूल आणि कुठेतरी एखादं झुडूप, बास. मी त्या ढेकळांवर हात ठेवला तर उन्हाने नुसते तापलेले, आणि एक सेकंद उगाच वाटलं की अजून गरम आहे.

त्यानंतर मी कापलेलं टायर जपत, जरा दगड दिसला की उतरून ढकलत, अशी गेले. पुढे १६१४ चं पठार लागतं, तो स्फोट १६२४ पर्यंत चालला, दहा वर्षं, एटनाच्या लिहिलेल्या इतिहासात एवढा लांबलेला दुसरा नाही. इकडे भातवडीची लढाई झाली त्या साली तिकडे तो थांबला. हा लाव्हा वेगळा, ढेकळांचा नाही, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला, साय गोळा झाल्यासारखा, वर फरशा फरशा आणि खाली पोकळ. पायाने आपटलं की मडक्यासारखा आवाज येतो. याच्यातच वर कुठेतरी ती बर्फाची गुहा आहे, ज्वालामुखीच्या पोटात बर्फ, तिथे आम्ही गेलो नाही, पायी जायला लागतं आणि माझ्यात तेवढं उरलं नव्हतं. शेवटचे चार-पाच किलोमीटर काळी रेती, पांढऱ्या खोडांची बर्चची झाडं, फक्त इथेच होणारी जात आहे ती म्हणे, काळ्या जमिनीवर पांढरी खोडं आणि वर पिवळी पानं, फोटो काढायला हात स्वच्छ नव्हते. मग डांबरी रस्ता, आणि सकाळपासूनची पहिली चालती गाडी, तीही हॉर्न मारत.

दुसरा दिवस खालचा. रात्री सोलिक्याताजवळच्या एका शेतघरात राहिलो (चेन मीच पुसल्या, दोन्ही). सकाळी उठून बघते तर सगळीकडे खुडणी. इथे वाइनची मुख्य द्राक्षं नेरेल्लो मास्कालेझे नावाची, काळी, उशिरा पिकणारी, ऑक्टोबर मध्यापर्यंत आणि कधी त्याही पुढे काढणी चालते कारण बागा सहाशे-सातशे ते हजार मीटरवर आहेत आणि रात्री थंडी पडते. वाइनचा पट्टा उत्तर, पूर्व आणि दक्षिण असा घोड्याच्या नालेसारखा आहे, पश्चिम बाजू मोकळी, तिथे पिस्ता. १९६८ पासून त्याला एटना म्हणून अधिकृत दर्जा आहे. मला वाइनमधलं ओ का ठो कळत नाही हे आधीच सांगून ठेवते, मी आले होते रस्त्यासाठी.

आणि रस्ते काय रस्ते! मुख्य रस्ता एकच, लिंग्वाग्लोसापासून रांदात्सोकडे जाणारा, त्यावर ट्रक. तो टाळून वर-खाली बागांमधून पाणंदी आहेत, दोन्ही बाजूला काळ्या दगडांचे गडगे, चुना नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि मध्ये एक सायकल नि एक माणूस जाईल एवढी वाट. बागेतनं निघालेले दगड टाकायचे कुठे म्हणून ते गडग्यात घालायचे, तरी उरले की बागेच्या मध्येच पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे रचायचे. लांबून देऊळच वाटतं. खाली कुठे कुठे रिपिड्डू, त्यात चाक थोडं फिसकटतं, कुठे घट्ट माती, कुठे जुने दगडी फरशीचे तुकडे ज्यावर बैलगाड्यांच्या नाही तर गाढवांच्या काळापासूनची झीज. खेळ इथे पण चालू राहिला आणि इथे मी जिंकले, कारण इथे टायरबरोबर डोळ्यालाही मदत आहे: गडग्याच्या एका बाजूची माती तांबूस तपकिरी आणि दुसऱ्या बाजूची काळीकुट्ट खडेरी. हे लोक बागांच्या तुकड्यांना कॉन्त्रादा म्हणतात, शंभरावर आहेत, आणि बाटलीवर कॉन्त्रादाचं नाव टाकतात कारण शेजारशेजारच्या दोन तुकड्यांखालचा लाव्हा वेगळ्या वयाचा असतो. म्हणजे मी टायरने जे करत होते ते हे लोक जिभेने करतात. दादा म्हणाला तुझा मार्ग स्वस्त आहे. टायरचे पैसे भरायचे राहिले होते तेव्हा, म्हणून म्हणाला.

वाहन म्हणाल तर एकच, आपे! आपली आपे रिक्षा, तीच, तीन चाकी, पियाज्योची, मागे हौदा, आणि त्यात क्रेट रचलेले, फटफट फटफट करत पाणंदीतून येते आणि दोन्ही गडग्यांना दोन-दोन बोटं सोडून निघून जाते. आपण भिंतीला पाल चिकटल्यासारखं उभं राहायचं. आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

एका बागेत एक आजोबा वेलीखालचं गवत काढत होते. वेल म्हणजे मांडव नाही तारा नाही, प्रत्येक वेल स्वतंत्र, झुडपासारखी, बाजूला चेस्टनटच्या लाकडाचा खांब, त्याला बांधलेली. खोडं माझ्या मांडीएवढी जाड, पिळवटलेली. त्यांनी हाताने वय सांगितलं, दहा बोटं उघडून मिटून उघडून, मी मोजत राहिले, शंभराच्या पुढे गेले. वेलींची मुळं कुरतडणारी ती फायलोक्सेरा नावाची कीड सगळ्या युरोपात बागा खाऊन गेली पण अशा रेतीच्या खडेरी जमिनीत तिला पसरता येत नाही, म्हणून इथे काही बागा कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. त्यांनी एक घड कापून दिला. मणी बारीक, साल जाड, बिया कराकरा, गोड पण मागून तुरट, खाण्याचं द्राक्ष नव्हेच, पण उन्हात उभं राहून खाल्लं म्हणून असेल, आख्खा घड संपवला.

त्यांच्या घराला चिकटून जुनं पाल्मेन्तो होतं, लाव्हाच्याच दगडाचं, वरच्या कट्ट्यावर द्राक्षं तुडवायची, रस पन्हाळीतून खालच्या हौदात, आणि डोक्यावर एक झाडाचं आख्खं खोड तुळईसारखं, टोकाला लाकडी स्क्रू, तो फिरवला की तुळई चोथा दाबते. पंप नाही काही नाही. हल्लीच्या स्वच्छतेच्या नियमांत विक्रीची वाइन त्यात करता येत नाही, त्यामुळे आता त्यात शिडी, जुने क्रेट आणि एक मांजर.

"सुनो" म्हणतात तसं काहीतरी "सेन्ती, सेन्ती" करत ते आम्हाला बागेच्या टोकाला घेऊन गेले. पाणंद सरळ जाते, जाते, आणि मग संपते. समोर काळी भिंत, तीन-चार पुरुष उंच, ढेकळांची, वर पिवळ्या फुलांच्या जातीची दोन-चार झुडपं, आता फुलं नव्हती. मी बघितलं आणि दादाकडे न बघता म्हटलं, "१९८१." आजोबांना आकडा कळला असावा, मान हलवली. भिंतीच्या पलीकडे हात दाखवून त्यांनी पुढच्या ओळी सांगितल्या, म्हणजे वेलींच्या ओळी, वडिलांनी लावलेल्या, हात पुढे पुढे नेत, आणि मग हात खाली. दादाने विचारलं की परत कधी बाग लावता येईल त्यावर. ते हसले. एका जागी भिंतीच्या बुडाशी त्यांनी फड्या निवडुंग लावलेला होता, त्याची मुळं फटीत शिरून दगड फोडतात, ही तिकडची जुनी रीत, निवडुंग आधी, मग बदाम नाही तर अंजीर, मग कधीतरी द्राक्षं. हाताने दाखवलं: मी, मुलगा, नातू, आणि मग त्याच्याही पुढे दोनदा. निवडुंगाची फळं पिकली होती, ती पण त्यांनी सोलून दिली आणि एक काटा माझ्या अंगठ्यात अजून आहे असं मला वाटतं.

त्या भिंतीवरनं थोडं खाली नॅरोगेजची लाइन जाते, ९५० मिलिमीटरची, १८९० च्या दशकात डोंगराला वळसा घालायला टाकलेली, पूर्वी याच गाडीने वाइन रिपोस्तोच्या बंदरात जायची. १९८१ ला गाडली गेली आणि नंतर त्याच लाव्हाच्या वरून परत टाकली. आदल्या दिवशी जिथे मी चिक्कीचं पाकीट टायरात घालत बसले होते तो वरचा भाग आणि हा रुळाखालचा, प्रवाह एकच, मध्ये फक्त सात-आठशे मीटरची उंची. मी दादाला म्हटलं जरा थांबूया, गाडी येते का बघू. अर्धा तास थांबलो. नाही आली.

सायकल परत करताना दुकानदाराने टायर काढलं, आतून चिक्कीचं पाकीट निघालं, त्याने ते उलटंसुलटं करून वरची मराठी अक्षरं बघितली, दुसऱ्या माणसाला हाक मारून दाखवलं, आणि टायरचे पूर्ण पैसे लावले. भांडायची ताकद नव्हती. टायरच्या रबरात मात्र अजून एक काळा खडा रुतलेला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, तो मी नखाने काढून घेतला आणि आता माझ्या टेबलावर आहे. दादा म्हणतो तो १९८१ चा, कापाच्या शेजारीच होता. मला वाटतं शेवटच्या रेतीतला आहे, २००२ मध्ये पियानो प्रोव्हेन्झानाचं स्कीचं केंद्र लाव्हाखाली गेलं तेव्हाचा नाही तर त्याच्याही नंतरचा, कारण कडा फारच धारदार आहेत. मागच्या आठवड्यात त्याने खड्याचा फोटो मागितला, भिंगातून काढलेला. पाठवला. अजून त्याचा "बोल" आलेला नाही.